दुसरी प्रत आणि तिची राखण

औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १ लाख रुपये देऊ केले. महाभारताच्या पोथ्यांना देशात तोटा नव्हता; त्या सगळ्या एकमेकींशी पद्धतशीर ताडून कुणी पाहिल्या नव्हत्या. नक्कल करताना घुसलेली चूक पोथी वाचून कळत नाही, कारण वाचणाऱ्याच्या हाती श्लोक पुराच येतो. १९१९ ते १९६६ या काळात विष्णु सीताराम सुकथनकर आणि इतर संपादकांनी १,२०० हून अधिक हस्तलिखिते तपासली आणि पाठभेद मजकुराखाली नोंदवले. औंधचा पैसा आणखी एका प्रतीसाठी नव्हता, प्रतींच्या राखणीसाठी होता. संगणकाच्या डिस्कबाबत हीच गोष्ट पुन्हा नव्याने शिकावी लागली.

एकच माहिती दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहायची, हे मिररिंग टँडेम कंपनीने १९७६ च्या नॉनस्टॉप संगणकात वापरले. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक डिस्का एकत्र वापरण्याच्या ‘रेड’ या मांडणीत त्याला पहिली पायरी दिली. त्याच बर्कलीत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात यंत्रातल्या घडामोडी एका जागी टिपणारा ‘सिसलॉग’ रचला होता. या नोंदी सतत चाळून खटकणारी ओळ दिसताच माणसाला कळवणारा ‘स्वॉच’ स्टॅनफर्डमधून १९९३ साली आला. मिररिंगला या राखणदाराची गरज आहे ती त्याच्या गुणामुळेच. एक डिस्क गेली तरी काम बिनबोभाट चालू राहते, आणि म्हणून ती गेल्याचे वापरणाऱ्याला कळतच नाही. त्या क्षणापासून माहिती एकाच डिस्कच्या भरवशावर उरते.

डिस्क स्वतःच ‘स्मार्ट’ तपासणीने धोका सांगते, मग नोंदींचा हा लॉग कशाला, असे कुणी विचारील. पण गूगलच्या अभ्यासकांनी २००७ साली १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला, तेव्हा निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख निकषांवर काहीच इशारा दिला नव्हता. दोन्ही डिस्का ठरावीक काळाने ताडून पाहिल्या की पुरे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डेबियन या संगणकप्रणालीत महिन्याच्या पहिल्या रविवारी अशी ताडणी आपोआप होते आणि ती जरूर व्हावी. मात्र दोन प्रतींत फरक निघाला तर खरी कोणती, हे त्या दोघींवरून ठरत नाही. महाभारताच्या संपादकांनी पोथ्यांची कुळे लावून कोणत्या पोथीवर किती विसंबायचे ते ठरवले. इथे आधी कोणती डिस्क वाचताना अडखळली, ही साक्ष लॉगच देतो. रोजच्या इशाऱ्यांकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, हेही खरेच. म्हणून फक्त बदल झाल्यावरच कळवावे आणि राखणदार जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी अधूनमधून चाचणीचा इशारा मुद्दाम धाडावा. दुसरी डिस्क बसवली, त्याच दिवशी हे इशारे कुणाच्या हाती पोचणार आणि निकामी डिस्क कोण बदलणार हे ठरवायला हवे. ते ठरले नाही, तर दुसऱ्या डिस्कने दिलेला दिलासा पोकळ आहे.