५१२ बाइटांचा पहारेकरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या तामलवाडीच्या शाळेतला आर्डुइनो उनो मुका झाला. पत्त्याच्या पानाहूनही लहान असा हा फलक. मुले त्याला दिवे नि मोटारी जोडतात. त्याच्यावरचा दिवा ठरल्याप्रमाणे लुकलुकत होता. पण संगणकाची तार जोडून नवी आज्ञावली द्यावी, तर तो ऐकूनच घेईना. मुका कसला, बहिराच म्हणायचा!

दोष माझा होता. हौसेने मी एका निराळ्या उपकरणाने आज्ञावली थेट चिपवर उतरवली होती. तसे करताना चिप आधी सबंध पुसली जाते, आणि तिच्या कोपऱ्यात बसलेला बूटलोडरही त्यात पुसला गेला.

बूटलोडर म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. उनोच्या चिपमध्ये आज्ञावलीसाठी, म्हणजे फर्मवेअरसाठी, जागा ३२ किलोबाइट. त्यातली याची अवघी ५१२ बाइट. फलक सुरू होताच पहिला जागा होतो तो हा. क्षणभर दाराशी कान देतो. तारेवरून ठरलेली खूण आली, तर नवी आज्ञावली तुकड्यातुकड्याने आत घेऊन मांडतो. न आली, तर कालचेच काम पुढे चालू.

पूर्वी हे दार इतके सहज उघडत नसे. १९७१ साली इंटेलने पुसता येणारी चिप आणली, तिच्या माथ्यावर काचेची खिडकी होती. एक चूक सुधारायची, तर चिप उपटून जंबुपार किरणांखाली ठेवायची आणि मग वेगळ्या यंत्रात घालून पुन्हा लिहायची. विजेनेच झटकन पुसली जाणारी फ्लॅश स्मृती तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली, आणि पुढे ही यातायात सरली.

इटलीतल्या इव्हरेआ गावी हेर्नान्दो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ साली आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाचा फलक उभारला. हेतू हा, की विजेचे शास्त्र न शिकलेल्या कलावंतालाही चिप हाताळता यावी. त्याचे मार्गदर्शक मास्सिमो बांझी व त्यांचे सोबती यांनी २००५ साली स्वस्त चिप घेऊन त्याच वाटेने आर्डुइनो काढला. नाव गावातल्या एका मद्यगृहाचे, आणि मद्यगृहाला नाव १००२ साली गादीवर बसलेल्या आर्दुइनो राजाचे! हजार वर्षांपूर्वीचा राजा आमच्या पोरांच्या तोंडी आहे. बारागानचे नाव मलाच फार उशिरा कळले, आणि कळल्यावर थोडी लाज वाटली.

हे सारे वर्गात सांगत असता सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, सगळ्यांना बूटलोडर आत घेतो, तर बूटलोडरला आत कोणी घेतलं?"

मी दुसरा धडका फलक काढला, सहा तारांनी बहिऱ्याला जोडला. "हा."

"आणि याला?"

"कारखान्यातल्या यंत्राने."

"पण चिप कोरी असताना तिला ऐकू कसं येतं?"

तेथे आज्ञावलीचे काम नसते. रीसेटची तार शून्यावर धरून ठेवली, की बाहेरून लिहून घेण्याची सोय चिपच्या घडणीतच असते. मी तिला ती तार बोटाने दाखवली. मिनिटाभरात बूटलोडर परत बसला. तिने सहाही तारा सोडवल्या, संगणकाची तार लावली आणि माझी वाट न पाहता स्वतःची आज्ञावली पाठवली. दिवा आता तीनदा लुकलुकून थांबत होता, पुन्हा तीनदा लुकलुकत होता.