बर्फ नव्हे, पाऊस!

कुवेतमध्ये रेल्वे नाही. त्यामुळे शिमल्याच्या बर्फातून धावणाऱ्या छोट्या गाडीचे चित्र पाहिले, की रुमैथियातली आपली मुले विचारतात, "आपल्या महाराष्ट्रात अशी गाडी नाही का?" आहे! फक्त तिचा वैरी बर्फ नव्हे, पाऊस.

नेरळ-माथेरान रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. सुमारे १६ लाख रुपये वडील सर आदमजींनी घातले. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावली. दोन रुळांत अंतर अवघे दोन फूट! जर्मन बनावटीच्या वाफेच्या इंजिनांची पुढची-मागची चाके वळणावर किंचित वळत, म्हणून घाटातली अवघड वळणे साधली.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला. गाडी २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, परतली. २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद पडली, ती २०२२ मध्ये सुरू झाली.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते आणि आपण गावी जातो नेमके जुलै-ऑगस्टमध्ये! तेव्हा एखादी सुट्टी हिवाळ्यात घेऊ या. आपण पाहिलेली ही गाडी मुलांनी नुसती ऐकू नये.