सुमात्रा ते अंदमान: तुकड्यातुकड्यांनी तुटणारा प्रस्तरभंग

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्रा बेटाच्या वायव्येस भूकंपास प्रारंभ झाला. सिमेलुए बेटाजवळ समुद्रतळाखाली खडकांची पकड सुटली आणि ती सेकंदाला सरासरी अडीच किलोमीटर वेगाने उत्तरेकडे सुटत गेली. आठ ते दहा मिनिटांत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग अंदमानच्या उत्तर टोकापर्यंत तुटला. नकाशावर ठिपक्याने दाखविला जाणारा केंद्रबिंदू ही केवळ प्रारंभाची जागा होती. ९.१ तीव्रतेच्या या भूकंपाने उसळलेल्या त्सुनामीत सुमारे सव्वादोन लाख लोकांचा बळी गेला.

सुमात्राच्या पश्चिमेस महासागराखालील भूपट्ट वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटीमीटर गतीने शेजारच्या भूपट्टाखाली सरकत असतो. मात्र दोहोंच्या संपर्कपृष्ठाचा वरचा भाग घर्षणामुळे घट्ट धरलेला राहतो. खाली जाणारा भूपट्ट वरच्या भूपट्टाची कड आपल्याबरोबर खाली ओढतो. ती वाकते आणि शतकानुशतके ताण साठत जातो. पकड सुटली की ही कड उसळून वर येते व तिच्यामागचा भाग खचतो. २००४ मध्ये उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रवाळ उघडे पडले, तर ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचून तेथील दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला, तो यामुळेच.

असा प्रस्तरभंग एका दमात संपूर्ण तुटत नाही. २००४ च्या भूकंपानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २८ मार्च २००५ रोजी, लगतच्या दक्षिणेकडील नियास भागात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. हाच भाग १८६१ मध्येही तुटला होता. आणखी दक्षिणेस, १२ सप्टेंबर २००७ रोजी बेंकुलूजवळ ८.४ तीव्रतेचा धक्का बसला. त्या पट्ट्यात १७९७ व १८३३ मध्ये महाभूकंप झाले होते. तेव्हापासून साठलेल्या ताणाचा थोडाच अंश २००७ मध्ये मोकळा झाला.

हा इतिहास प्रामुख्याने प्रवाळांनी जपून ठेवला आहे. प्रवाळ ओहोटीच्या पातळीपर्यंतच वाढू शकतात. बेट हळूहळू खचू लागले की ते वर वाढतात. भूकंपात बेट उचलले गेले की पाण्याबाहेर आलेला त्यांचा माथा मरतो. वार्षिक थर मोजून केरी सीह व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंतावाई बेटांचा सुमारे ७०० वर्षांचा आलेख मांडला. तेथे साधारण दोन शतकांनी महाभूकंपांची मालिका येते, असे त्यातून दिसले. एका मालिकेतील भूकंपांत काही दशकांचे अंतर असू शकते. १७९७ आणि १८३३ ही अशीच जोडी होय.

लिखित नोंदी याबाबत किती तोकड्या पडतात, याचे उदाहरण आपल्याच बेटांचे आहे. निकोबारजवळ १८८१ मध्ये आणि अंदमानात १९४१ मध्ये झालेले भूकंप आठच्या आतबाहेरच्या तीव्रतेचे होते. तेवढ्यावरून येथे नऊ तीव्रतेचा भूकंप होईल असे कोणास वाटले नसते. पुढे थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर जुन्या त्सुनामींचे वाळूचे थर सापडले. २००४ च्या तोडीची याआधीची लाट सुमारे ५५० ते ७०० वर्षांपूर्वी आली होती, असे त्यावरून ठरले. सिमेलुएच्या रहिवाशांनी मात्र १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या शब्दासह पिढ्यानपिढ्या सांगितली होती. जमीन हादरताच ते डोंगराकडे धावले आणि बेटावरील मृतांची संख्या अत्यल्प राहिली.

सध्या सर्वाधिक लक्ष मेंतावाईतील सिबेरुत बेटाखालच्या भागाकडे आहे. १७९७ नंतर तो मोठ्या प्रमाणावर तुटलेला नाही आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर पाडांग हे दाट वस्तीचे शहर आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी पाडांगला हादरविणारा ७.६ तीव्रतेचा भूकंप खाली गेलेल्या भूपट्टाच्या आत, बऱ्याच खोलीवर झाला होता. त्यामुळे या भागावरील ताण उतरलेला नाही. २५ ऑक्टोबर २०१० रोजी मेंतावाईजवळ झालेला भूकंप समुद्री खंदकालगतच्या उथळ पट्ट्यात होता. त्याच्या त्सुनामीने चारशेहून अधिक बळी घेतले, तरी सिबेरुतखालची पकड कायम राहिली.

भारताच्या पश्चिमेसही असेच एक क्षेत्र आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती व तेथे जीवितहानीही झाली. तेव्हा मकरानचा पूर्व भाग तुटला. इराणलगतचा पश्चिम भाग घट्ट धरलेला आहे की भूकंपाविनाच सरकतो आहे, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून ऑक्टोबर २००७ पासून चालणारी त्सुनामी पूर्वसूचना यंत्रणा या दोन्ही क्षेत्रांवर लक्ष ठेवते.