चिमूर वृत्तबंदी (१९४२–४३)

चिमूर वृत्तबंदी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने चिमूर येथील घटना आणि त्यासंबंधी प्रा. ज. प्र. भणसाळी यांनी केलेले उपोषण यांच्या बातम्यांवर घातलेली बंदी होय. युद्धकाळात अनियंत्रित सत्तेसमोर शोधपत्रकारिता कशी खुंटते आणि तिचे काम इतरांवर कसे येऊन पडते, याचे हे विदर्भातील ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती एकवटला. भारत संरक्षण नियमांनी वृत्तपत्रांवर बंधने आलीच होती. ८ ऑगस्ट १९४२ च्या आदेशाने आंदोलनाच्या बातम्या केवळ सरकारी सूत्रे, मान्य वृत्तसंस्था किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नाव नोंदवलेले बातमीदार यांच्याकडूनच घेता येऊ लागल्या. अमरावतीचे ‘उदय’, अकोल्याचे ‘मातृभूमी’ यांसारख्या वऱ्हाडी पत्रांना गावोगावच्या हौशी वार्ताहरांच्या पत्रांचा आधार असे. नोंदणीच्या अटीने नेमका हाच झरा आटला. ‘मातृभूमी’चे संस्थापक ब्रिजलाल बियाणी यांना तर तुरुंगात जावे लागले. अमरावती जिल्ह्यातील बेनोडा व यावली येथेही त्या वर्षी लोक हुतात्मा झाले. या गावांच्या नावांपुढे आज ‘शहीद’ हा शब्द लावला जातो.

चिमूर आणि चौकशीची मागणी

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर खवळलेल्या जमावाने चार सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांना ठार मारले. पुढे गावात लष्कर आले. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या, परंतु त्यांची शहानिशा करून छापणे वृत्तपत्रांना शक्य नव्हते. नागपूरहून गेलेल्या स्त्रियांनी तेथील स्त्रियांचे अनुभव ऐकून घेतले, डॉ. बा. शि. मुंजे यांनीही गावाला भेट दिली. बातमीदाराने करावयाचे काम अशा रीतीने बातमीदार नसलेल्यांनी केले. स्वतंत्र चौकशीची मागणी मात्र सरकारने नाकारली.

सेवाग्राम आश्रमातील भणसाळी यांनी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य माधव श्रीहरी अणे यांच्या दारी उपोषण आरंभिले. अणे यवतमाळचे, म्हणजे वऱ्हाडचेच; त्यांच्याकडे जाण्यामागे ही आपुलकीची अपेक्षाही असावी. भणसाळींना दिल्लीहून परत पाठवण्यात आले. ११ नोव्हेंबरपासून त्यांनी पुन्हा उपोषण सुरू केले. यावर प्रांतिक सरकारने उपोषणाची व चिमूरची बातमीच छापण्यास मनाई केली. माणूस मरणाच्या दारी असताना त्याचे नावही वाचकांपर्यंत पोहोचू नये, अशी ही व्यवस्था होती.

वृत्तपत्रांचा प्रतिकार

१९४० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने, ‘हिंदू’चे संपादक कस्तुरी श्रीनिवासन यांच्या अध्यक्षतेखाली, याला विरोध केला. नववर्षाच्या किताबांची यादी व सरकारी भाषणे न छापण्याचे ठरले आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. लिहिण्याची मुभा नसल्यावर न लिहिणे हेच शस्त्र झाले. ते बोथट होते असे म्हणता येणार नाही, कारण सरकारी प्रसिद्धीलाही याच वृत्तपत्रांची गरज होती.

डॉ. ना. भा. खरे व कन्हैयालाल मुनशी यांच्या मध्यस्थीने तडजोड होऊन १२ जानेवारी रोजी, ६३व्या दिवशी, उपोषण सुटले. बातम्यांवरील बंदी उठली, पण स्वतंत्र चौकशी झालीच नाही. स्त्रियांच्या तक्रारींचा न्यायनिवाडा कधीच झाला नाही.

त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळाची दाहकता ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्टमध्ये छायाचित्रे छापून उघड केली. चिमूरची अशी छायाचित्रे वृत्तपत्रांतून वाचकांसमोर आली नाहीत.

चिमूर-आष्टी खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. अनसूयाबाई काळे यांनी ती रद्द व्हावी म्हणून दीर्घकाळ खटपट केली आणि उरलेल्या कैद्यांची फाशी १९४५ मध्ये टळली.