दारूच्या कारखान्यातला विद्यार्थी

बिझनेस अ‍ॅनालिटिक्समध्ये मास्टर्स करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पायथन, एसक्यूएल, डॅशबोर्ड, मशीन लर्निंग आणि लाखांच्या घरातली फी. २०१५ साली आयआयएम कलकत्ता, आयआयटी खरगपूर आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था या तिघांनी मिळून या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज खासगी विद्यापीठांपासून ऑनलाइन कोर्सपर्यंत सगळीकडे तो मिळतो. नाव नवं असल्यामुळे विषयही नवा वाटतो. पण ‘आकड्यांवरून धंद्याचे निर्णय कसे घ्यायचे ते नीट शिकून ये’ म्हणून एका कंपनीने आपल्या माणसाला विद्यापीठात धाडलं, ही गोष्ट १९०६ सालची आहे. कंपनी होती डब्लिनची गिनेस, म्हणजे बिअर बनवणारी. माणूस होता विल्यम सीली गॉसेट.

त्याची गोष्ट आज सांगण्याजोगी आहे, कारण त्याच्याकडे ‘बिग डेटा’ नव्हता. त्याची अडचण नेमकी उलटी होती.

अकरा नमुने आणि चौदा नमुने

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिनेस ही जगातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींपैकी एक होती. कारखाना लहान असेपर्यंत मुरलेला माणूस हॉप्सची फुलं हातात चुरडून, वास घेऊन माल पारखायचा. पण उत्पादन अवाढव्य झाल्यावर नाकावर विसंबणं परवडेना. तेव्हा कंपनीने एक धोरण आखलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून विज्ञान शिकलेल्या तरुणांना थेट ब्रुअर म्हणून नेमायचं आणि पिंपातला प्रत्येक टप्पा मोजायला लावायचा.

या तरुणांपैकी टॉमस केस याने हॉप्समधल्या मऊ राळेचं प्रमाण मोजलं. बिअरची चव आणि टिकाऊपणा तिच्यावर अवलंबून असतो. एका खेपेत त्याने ११ नमुने तपासले, दुसऱ्या खेपेत १४. दोन्हींच्या सरासरीत थोडा फरक आला. आता हा फरक मालातला म्हणायचा की निव्वळ योगायोगाचा? केसला हे सांगता येईना, कारण सांगण्याची रीतच उपलब्ध नव्हती. तेव्हाचं संख्याशास्त्र शेकडो, हजारो नोंदी गृहीत धरून चालायचं.

गॉसेट १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी नोकरीला लागला. ऑक्सफर्डला त्याने गणित आणि रसायनशास्त्र शिकलं होतं, त्यामुळे आकड्यांचं त्रांगडं आपोआप त्याच्या टेबलावर येऊ लागलं. १९०४ साली त्याने वरिष्ठांना एक अंतर्गत अहवाल दिला. प्रयोगातल्या चुकांचा नियम ब्रुअरीच्या कामाला कसा लावायचा, हा त्याचा विषय. त्यात माल्टच्या अर्काचं उदाहरण आहे. माल्टमधून किती साखर निघते हे मोजायचं, पण प्रत्येक मोजणीत थोडी चूक होणारच. दोन मोजण्यांची सरासरी घेतली, तर ती खऱ्या आकड्याच्या अर्ध्या अंशाच्या आत असण्याची शक्यता चारास एक निघते. चार मोजण्या घेतल्या तर बारास एक. कामापुरती दहास एक एवढी खात्री हवी असेल, तर चार मोजण्या पुरेत.

हा हिशेब वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. गॉसेट ‘जितका जास्त डेटा तितकं चांगलं’ असं म्हणत नाही. पाचव्या मोजणीला वेळ लागतो, माल लागतो, पगारी माणूस लागतो. चारात काम भागतंय तर पाचवी कशाला? आणि किती खात्री हवी हे कोण ठरवणार? त्याचं उत्तर असं: प्रयोगात किती अचूकता शक्य आहे आणि निर्णय चुकला तर किती नुकसान आहे, त्यावर ते ठरेल. म्हणजे खात्रीची रेघ धंद्यातून येते, गणितातून नाही.

तीन हजार कार्डं

एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. जुलै १९०५ मध्ये सुट्टीवर असताना तो सायकल मारत कार्ल पिअर्सनना भेटायला गेला. पिअर्सन हे त्या काळच्या इंग्लंडमधले संख्याशास्त्राचे सर्वांत मोठे अधिकारी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक. त्या भेटीनंतर कंपनीने गॉसेटला १९०६–०७ साली पिअर्सनच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं. आजच्या भाषेत ही स्पॉन्सर्ड स्टडी लीव्ह.

तिथे दोन जगांची गाठ पडली. पिअर्सन यांचं काम हजारो नोंदींवर चालायचं. नमुना एवढा मोठा असला की मोजण्यांचा विखार, म्हणजे आकडे सरासरीच्या आसपास किती पसरलेत ते, जवळजवळ अचूक कळतं. गॉसेटकडे मात्र चार, पाच, फार तर दहा मोजण्या. एवढ्याशा नमुन्यावरून काढलेला विखारही अंदाजच असतो, आणि बरेचदा तो खऱ्यापेक्षा कमी निघतो. मग नेहमीची घंटेच्या आकाराची वक्ररेषा वापरली की माणूस नको तेवढा निर्धास्त होतो.

हे आपल्याला रोज दिसतं. दोन हजार लोकांनी ४.३ दिलेलं हॉटेल आणि पाच जणांनी ४.८ दिलेलं हॉटेल, यांपैकी कुठे जायचं? त्या पाच जणांत मालकाचे दोन भाऊ आहेत की काय, अशी शंका आपल्या मनात येतेच. गॉसेटला ही शंका आकड्यांत मांडायची होती.

गणिती वाटेने त्याला उत्तर सापडलं, पण सिद्धतेतली एक पायरी कच्ची होती. म्हणून त्याने ते हाताने तपासलं. तुरुंगातल्या ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी आधी छापून आली होती. ही मापं त्याने ३,००० कार्डांवर लिहिली, कार्डं नीट पिसली आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी आणि विखार काढून आपलं सूत्र त्यांच्याशी जुळतं का ते पाहिलं. आज लॅपटॉपवर दोन ओळींच्या कोडने जे सिम्युलेशन होतं, ते त्याने पत्त्यांसारखी कार्डं पिसून केलं.

निष्कर्ष सरळ होता. मोठ्या नमुन्यात ९५ टक्के खात्रीसाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण चुकीच्या १.९६ पट अंतर धरावं लागतं. नमुना चारच मोजण्यांचा असेल तर ते ३.१८ पट धरावं लागतं. कमी माहिती असताना किती जास्त सावध राहायचं, याला पहिल्यांदा आकडा मिळाला. हा लेख १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला आणि पुढे त्याच्यातून ‘टी-टेस्ट’ घडली.

लेखावर गॉसेटचं नाव नव्हतं. गिनेसला आपली गुपितं फुटण्याची धास्ती होती, त्यामुळे कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने छापायची मुभा नव्हती. लेखक म्हणून नाव लागलं, ‘स्टुडंट’. नंतर त्याच कंपनीतल्या इतरांनी ‘सोफिस्टर’, ‘मॅथेटीस’ अशी नावं घेतली. त्यांचेही अर्थ विद्यार्थ्याच्या आसपासचेच. पदवीच्या वर्गात ‘स्टुडंट्स टी’ शिकताना ते विद्यार्थ्यांसाठी सोपं केलेलं काहीतरी असावं असं अनेकांना वाटतं. खरं तर ते एका नोकरदाराचं टोपणनाव आहे.

पाच टक्क्यांची सवय

लेखाकडे सुरुवातीला फारसं कुणी पाहिलं नाही. एवढ्या लहान नमुन्यांवर काम करणं हा ब्रुअर लोकांचा खोडसाळपणा आहे, अशा अर्थाचा विनोद खुद्द पिअर्सन यांनी गॉसेटला लिहिलेल्या पत्रात केला. सूत्राचं महत्त्व ओळखलं ते रोनाल्ड फिशर या तरुणाने. त्याने कच्च्या पायरीची पक्की सिद्धता दिली आणि १९२५ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत जगभरच्या संशोधकांपर्यंत पोचवली. त्यासोबत एक सवयही पोचली. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर निष्कर्ष ‘सिग्निफिकंट’.

गॉसेट आणि फिशर यांची मैत्री शेवटपर्यंत राहिली, पण इथे दोघांचा कल वेगळा होता. गॉसेट बार्लीच्या नव्या जाती तपासायचा. नवी जात जुनीपेक्षा सरस आहे हे सिद्ध झालं, तरी त्याचे पुढचे प्रश्न असायचे. किती सरस? एकरी किती पैसे जास्त? ओल्या वर्षात, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या शेतकऱ्याच्या हातीही तसंच होतं का? एकाच शेतावर मिळालेलं ‘सिग्निफिकंट’ उत्तर त्याला अपुरं वाटायचं. आज ए-बी टेस्टमध्ये हिरवं बटण लाल बटणापेक्षा ‘सिग्निफिकंटली’ चांगलं निघतं, तेव्हा फायदा किती आणि तो दिवाळीनंतरही टिकेल का, हे विचारणारा माणूस गॉसेटच्या जातीचा असतो.

१९३७ साली तो गिनेसचा मुख्य ब्रुअर झाला आणि त्याच वर्षी वारला. आयुष्यभर तो कंपनीचा नोकरच राहिला. संख्याशास्त्र त्याने कामासाठी केलं आणि कामातूनच शिकलं.

बोटीवरून बंगालात, लंडनहून साताऱ्याकडे

ही विद्या भारतात दोन वाटांनी आली आणि दोन्ही त्याच परिसरातून निघतात. पहिली वाट ‘बायोमेट्रिका’ची. १९१५ साली केंब्रिजहून परतणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी या नियतकालिकाचे खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचून काढले. ते भौतिकशास्त्राचे, पण १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. पुढे १९४१ साली कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग निघाला, भारतातला पहिला. सी. आर. राव हे त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी.

महालनोबिस यांचं मोठं काम तागाचं. बंगालच्या गिरण्यांना आणि निर्यातदारांना यंदा ताग किती पिकणार हे आधी कळायला हवं होतं. प्रत्येक शेत मोजणं महागडं आणि वेळखाऊ. महालनोबिस यांनी नमुना पाहणी केली आणि तिच्यात खर्च हा गणिताचाच भाग केला. एवढ्या पैशात जास्तीत जास्त अचूक अंदाज हवा, तर किती तुकडे, किती मोठे आणि कुठले निवडायचे?

दुसरी वाट मराठी माणसाची. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर त्यांनी शेतीच्या संशोधन परिषदेत काम धरलं. विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं १९५४ सालचं पुस्तक कृषी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं.

महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला तो पीक कापणीच्या तुकड्याच्या आकारावरून. शेतात जागा यदृच्छेने निवडायची, तेवढा तुकडा कापायचा, धान्य तोलायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. महालनोबिस लहान तुकडे घेत, कारण ते स्वस्त पडतात आणि जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की फार लहान तुकड्यातून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी मातीतलं होतं. रेघेवर एखादं ताट आलं तर ते आत धरायचं की बाहेर? मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान असला की आतल्या पिकाच्या मानाने काठ मोठा, म्हणून चूकही मोठी. महालनोबिस यांच्या बाजूचं म्हणणं असं की मोजणारे नीट तयार केलेले असले तर ही चूक आटोक्यात राहते.

हा वाद वहीतली समीकरणं पाहून कुणालाही सुचला नसता. तो बांधावर उभा राहून, विळा धरलेल्या हाताकडे बघूनच दिसतो. आणि ही चूक नमुने वाढवून जात नाही. शंभर तुकड्यांऐवजी हजार कापले, तर तीच चूक अधिक आत्मविश्वासाने होते.

महसूल मंडळातला तुकडा

हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. पीकविम्याची भरपाई ठरवताना महाराष्ट्रात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न पाहतात आणि ते ठरवण्यात पीक कापणी प्रयोगांचा मोठा वाटा असतो. मंडळात मोजक्या शेतांत तुकडे आखले जातात. त्यांचा आकडा उंबरठा उत्पन्नाच्या खाली आला तर सगळ्या मंडळाला पैसे, वर राहिला तर नाही. कुठली शेतं निघाली, तुकडा कुणी आखला, काठावरची ताटं कुठे गेली, यावर विमा कंपनीचा ताळेबंद आणि हजारो घरांचं वर्ष अवलंबून असतं. उपग्रह आणि मोबाइल ॲप आता मदतीला आहेत, पण उपग्रहाचं मॉडेल बरोबर आहे की नाही हे तपासायलाही शेवटी कुणीतरी शेतात जाऊन तोलावंच लागतं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी हा अभ्यासक्रम निवडत असेल, तर टूल्सच्या यादीसोबत आणखी एक गोष्ट पाहा. तिथे डेटा आयता फाइलमध्ये मिळतो, की तो गोळा करायलाही पाठवतात? प्रोजेक्टमध्ये मॉडेलच्या अचूकतेला गुण आहेत, की निर्णय चुकला तर कुणाचं किती नुकसान होईल हेही मांडावं लागतं? टूल्स बदलत राहतील. गॉसेटचं तर कार्डांवर भागलं. पण पिंपात काय शिजतंय आणि रेघेवरचं ताट कुठे गेलं, हे विचारायची सवय पहिल्या सेमिस्टरमध्ये लागली, तर फीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.