जलपंपाचे सील व बेअरिंग (इंजिनाचे)

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात शीतक द्रव रेडिएटर आणि सिलिंडरभोवतीची पोकळी यांच्यात फिरवत ठेवणाऱ्या अपकेंद्री पंपाचे, झिजून बदलावे लागणारे दोन मुख्य भाग. ट्रॅक्टर-जीपच्या गॅरेजांत या पंपाला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. पंपाचे बिडाचे घर वर्षानुवर्षे टिकते. पंप बाद होतो तो बहुधा सीलपायी. बेअरिंग खडखडू लागले तरी त्यामागे अनेकदा सीलच असते, कारण गळलेले पाणी आत शिरले की ग्रीस धुऊन जाते आणि गोळ्यांना गंज चढतो.

सीलमध्ये दोन गुळगुळीत तोंडे स्प्रिंगच्या दाबाने एकमेकांवर घासतात. एक सहसा कार्बनचे, दुसरे सिरॅमिकचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे. त्यांच्यामधला शीतकाचा अतिशय पातळ थर हेच त्यांचे वंगण. म्हणून पाण्याविना चाललेला पंप थोड्याच वेळात सील गमावतो. थरातला किंचित अंश बाहेर येऊन वाफ होतो. सील व बेअरिंग यांच्या मध्ये घराला पाडलेले भोक त्यासाठीच असते. तिथे ओलसर डाग दिसणे हा दोष नव्हे, पण हे भोक एम-सीलने बुजवणे हा नक्कीच आहे: अडलेले पाणी मग बेअरिंगकडे वळते.

निवड पाण्यावरून करावी. दख्खनच्या अनेक भागांत बोअरचे पाणी जड असते आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये सर्रास तेच ओतले जाते. क्षारांचे कण सीलच्या तोंडांवर ओरखडे काढतात. अशा ठिकाणी सिलिकॉन कार्बाइडचे तोंड साध्या सिरॅमिकपेक्षा जास्त टिकते. त्याहून चांगला उपाय म्हणजे शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट. सीलच्या रबराकडेही पाहावे. साधे नायट्राइल रबर सतत १०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले की कडक होते. ईपीडीएम रबर गरम कूलंट चांगले सोसते. मात्र खनिज तेलाने फुगते, त्यामुळे बसवताना त्याला ऑइल लावू नये, साबणाचे पाणी पुरते.

पंपाच्या बेअरिंगला बहुधा वेगळी आतली कडी नसते; गोळ्या थेट शाफ्टवरच्या खाचांत फिरतात आणि शाफ्ट-बेअरिंग एकसंध मिळते. दोन्ही रांगा गोळ्यांच्या असलेला प्रकार हलक्या भाराला चालतो. रेडिएटरचा फॅन पंपाच्याच शाफ्टवर असेल किंवा पट्ट्याचा ताण जास्त असेल, तर पुलीकडची रांग रोलरची असलेला प्रकार घ्यावा. नुसता शाफ्टचा व्यास मोजून बेअरिंग घेणे धोक्याचे. सुमारे १६ मिमी शाफ्ट आणि ३० मिमी बाह्य व्यास हे माप दोन्ही प्रकारांत मिळते. शाफ्टची दोन्ही टोकांकडची लांबीही जुन्याशी ताडून पाहावी.

बसवताना प्रेसचा दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर द्यावा. शाफ्टवर हातोडा मारला तर गोळ्यांचे ठसे खाचांत उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घोंघावते. पट्टा वाजवीपेक्षा ताणल्यानेही तेच लवकर झिजते. भोकातून सतत ठिबक लागली, की बेअरिंगचा आवाज येण्याची वाट न पाहता सील आणि बेअरिंग दोन्ही एकदम बदलावीत.