थांब्याचा व्यापार

हडपसरच्या गाडीतळाचे नावच सांगते, गाड्या थांबतात तिथे गिऱ्हाईक थांबते. माऊलींची आणि तुकोबांची पालखी पुण्याहून हडपसरपर्यंत येते, तिथून एक सासवडला आणि दुसरी लोणी काळभोरला वळते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला केळ्यांपासून तुळशीमाळांपर्यंत सारे विकले जाते. आमच्या उरुसातही तसेच. दर्ग्याच्या दारातला फुलवाला पीरसाहेबांच्या कीर्तीवरच पोट भरतो. पण तो तिथे बसतो, मुजावर त्याला ओळखतो, आणि त्याच्या जागेचे भाडे ठरलेले असते.

जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाईलवरचा खेळ आला आणि फुलवाल्याने तिथे बसण्याचीही गरज उरली नाही. फोनच्या नकाशावर खऱ्या जागांवर ‘पोकेस्टॉप’ दिसत. तिथे पोहोचलात की खेळातले चेंडू फुकट. विकत होते ते ‘लुअर’ नावाचे आमिष: शंभर नाणी, म्हणजे साधारण एक डॉलर. ते एखाद्या थांब्यावर लावले की अर्धा तास तिथे पोकेमॉन येत, आणि त्यांच्यामागे माणसे. अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांनी हे लगेच ओळखले. जपानमध्ये मॅकडोनाल्ड्सने आपली सुमारे ३,००० दुकानेच थांबे करून घेतली. भारतात खेळ डिसेंबर २०१६ मध्ये जिओबरोबर आला, तेव्हा रिलायन्स डिजिटलची दुकाने नकाशावर चढली.

पण दुकानाआधी नकाशावर होते कोण? देवळे, मशिदी, चर्च, पुतळे, स्मारके. नियान्टिक कंपनीच्या २०१२ सालच्या इन्ग्रेस या खेळात खेळाडूंनी फोटो काढून सुचवलेल्या जागा इथे वापरल्या गेल्या. म्हणजे ज्याच्या हाती तेव्हा स्मार्टफोन आणि रिकामा वेळ, त्याने पाहिलेले शहर. आमच्या सय्यदनगरच्या गल्ल्यांतून त्या काळी असे किती जण हिंडत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत थांबे कमी असल्याचे त्याच वर्षी पुढे आले होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. खेळातली अंडी मंदिरांत सापडतात, त्याने हिंदू-जैनांच्या भावना दुखावतात, अशी तक्रार होती. अंड्यावर बरीच चर्चा झाली. देवळाच्या नावाने जमणारी गर्दी कोणाच्या गल्ल्यात जाते, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. हिरोशिमाच्या शांती उद्यानाने आणि ऑशविट्झच्या स्मारकाने मात्र सरळ कंपनीला कळवले, आम्हाला वगळा. हिरोशिमाचे थांबे ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी निघालेही.

सौदीत २००१ सालीच पोकेमॉनविरुद्ध फतवा निघाला होता. मार्च २०२५ मध्ये हाच खेळ स्कोपली कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरच्या व्यवहारात घ्यायचे ठरवले, आणि स्कोपलीची मालकी सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. फतव्याची शाई वाळायला चोवीस वर्षे लागली म्हणायची!

मला खटकते ते वेगळेच. वक्फची जमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारशात वाटता येत नाही. दर्ग्याच्या दारातल्या ओट्याचे भाडे मुतवल्लीच्या वहीत चढते. त्याच ओट्यावर कोणी शंभर नाण्यांचे आमिष लावले, तर ती रक्कम परस्पर कंपनीकडे जाते. मुतवल्लींनी आपली जागा त्या नकाशावर आहे का, एवढे तरी एकदा फोन उघडून पाहावे.